परतीच्या प्रवासाची किंमत: आल्प्समधील एक स्की पॅकेज, एप्रिल २०१०

स्कीइंगच्या सहलींची परीक्षणे वाचताना बर्फ कसा होता, खोल्या किती मोठ्या होत्या आणि जेवण कसे होते, एवढेच आपण बहुधा पाहतो. मी ज्या सहलीविषयी लिहिते आहे तिच्याबद्दल या तिन्ही बाबतींत माझी तक्रार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. सहल संपत आली असताना युरोपातील विमाने बंद पडली आणि आम्ही पाच जण घरापासून हजार-अकराशे किलोमीटरवर अडकलो, तेव्हा आमच्याकडून पैसे घेतलेल्या कंपनीने नेमके काय केले, हे मला नोंदवायचे आहे. हा अनुभव जुना असला तरी इंग्लंडमधील मराठी कुटुंबे आजही मला विचारतात की पॅकेज घ्यावे की विमान आणि घर वेगवेगळे आरक्षित करून चार पैसे वाचवावेत, आणि मी दर वेळी त्यांना एप्रिल २०१० ची हीच हकिकत सांगते.

सहल फ्रान्समधील मेरिबेलची होती. हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचौदाशे मीटरवर आहे आणि तीन दऱ्या एकमेकींना रज्जुमार्गाच्या पाळण्यांनी जोडणाऱ्या, सुमारे सहाशे किलोमीटर उतारांच्या प्रचंड स्की क्षेत्राच्या मध्यावर येते. इंग्रजांचा येथे जुना राबता आहे. १९३८ मध्ये हे स्की केंद्र वसवणारा माणूसही स्कॉटिश होता. आम्ही लंडनच्या हॅरो उपनगरातून गेलो होतो: मी, माझे पती, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई. पॅकेजमध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून स्वित्झर्लंडमधील जिनिव्हापर्यंत विमान, विमानतळावरून बस, सात रात्री शॅलेमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या लाकडी डोंगरी घरात, राहणे, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण एवढे होते. कंपनी ब्रिटिश होती आणि फार मोठी नव्हती. लंडनजवळच्या स्लाऊ गावी राहणारे आमचे जुने मित्र त्याच आठवड्यात त्याच गावी येणार होते, पण त्यांनी स्वस्त विमान आणि भाड्याची सदनिका स्वतः आरक्षित केली होती व त्यात त्यांचे चारेकशे पौंड वाचले होते. ही रक्कम लहान नाही, आणि पहिले पाच दिवस आम्हालाही वाटत होते की आपण उगाच जास्त मोजले.

गुरुवार, १५ एप्रिलला दुपारी ब्रिटनचे आकाश बंद झाले. आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीचा आदल्या दिवशी मोठा उद्रेक झाला होता आणि वाऱ्याने त्याची राख थेट युरोपवर आणली होती. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. तिच्यात काचेचे आणि दगडाचे बारीक कण असतात, ते जेट इंजिनाच्या उष्णतेत वितळतात आणि आतील पात्यांवर पुन्हा घट्ट होऊन बसतात. १९८२ मध्ये जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने अशाच राखेने बंद पडली होती, आणि तेव्हापासून राख दिसली की उडायचेच नाही असा नियम होता. किती राख चालेल याचे प्रमाण ठरलेले नसल्यामुळे एकामागून एक देश आपले आकाश बंद करत गेले, आणि आठवडाभरात सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. आम्हाला मात्र त्या दुपारी काहीच कळले नाही. आकाश निळेभोर होते, ऊन पडले होते, आणि नेहमी डोक्यावर दिसणाऱ्या विमानांच्या पांढऱ्या रेघांपैकी एकही नव्हती, हे माझ्या मुलीच्या लक्षात आले तेवढेच.

कंपनीचा पहिला चांगला गुण शुक्रवारी संध्याकाळी दिसला. गावातील तिची प्रतिनिधी, पंचविशीतली एक इंग्रज मुलगी, जेवणाच्या वेळी प्रत्येक शॅलेमध्ये स्वतः आली आणि तिने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. उद्या सकाळी कोणीही जिनिव्हाला जायचे नाही, कारण तिथे जाऊन विमान मिळणार नाही आणि हॉटेलही मिळणार नाही. दुसरे असे की शॅले रिकामे करण्याची गरज नाही, कारण ज्यांना उद्या या खोल्यांत यायचे आहे ते लंडनमध्येच अडकले आहेत. ऐकताना हे साधे वाटते, पण कोणत्याही स्की गावात शनिवारी सकाळी दहाच्या आत सगळी घरे रिकामी होतात आणि दुपारी नवी माणसे येतात, आणि त्या दिवशी हजारो लोक केवळ सवयीने सामान बांधून खाली विमानतळावर गेले. त्याच रात्री स्वित्झर्लंडनेही आपले आकाश बंद केले.

आमचे मित्र त्या हजारोंत होते. त्यांच्या विमान कंपनीकडून त्यांना शनिवार सकाळपर्यंत निरोप आलेला नव्हता आणि सदनिकेच्या मालकाने किल्ल्या मागितल्या, म्हणून ते दोन लहान मुलांना घेऊन जिनिव्हाला उतरले. विमानतळाचे दालन बंद होते. पॅरिसकडे जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणे संपली होती, त्यात फ्रान्समध्ये त्या महिन्यात रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, त्यामुळे धावणाऱ्या गाड्याही कमी होत्या. पहिली रात्र त्यांनी शहराबाहेरच्या एका खोलीत चौघांनी दोन पलंगांवर काढली.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे वळते. आम्ही चौघे तोवर ब्रिटिश नागरिक झालो होतो, पण सासूबाईंकडे भारतीय पासपोर्ट होता आणि मुंबईहून काढलेला त्यांचा शेंगेन व्हिसा (फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) एकदाच प्रवेशाचा व २० एप्रिलपर्यंतचाच होता. शिवाय त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही मोजून दहा दिवसांच्या आणल्या होत्या. अख्खा डबा घरी कपाटात होता. शुक्रवारी रात्री कंपनीच्या लंडनमधील कार्यालयाला फोन केला तेव्हा चाळीस मिनिटांनी एक गृहस्थ बोलले आणि म्हणाले की बुधवारी, २१ तारखेला विमाने सुरू झाली तर आमचा क्रमांक पहिल्या तुकडीत असेल. व्हिसाची अडचण मी तीन वेळा सांगितली. ती त्यांना समजलीच नाही; प्रत्येक वेळी ते म्हणत की ब्रिटिश नागरिकांना फ्रान्समध्ये राहायला मुदत नसते. दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयातून दोन ईमेल आल्या, एकीत थांबा म्हटले होते आणि दुसरीत शक्य असल्यास स्वतःची सोय करा व पावत्या जपून ठेवा म्हटले होते. या कार्यालयाला मी नापासच करीन. अडचणीच्या वेळी फोन न लागणे एक वेळ समजू शकते, पण एकाच दिवशी परस्परविरोधी सूचना आल्या की माणूस चुकीचा निर्णय घेतो.

पास झाली ती गावातील प्रतिनिधी. शनिवारी सकाळी मी तिच्यापुढे सासूबाईंचा पासपोर्ट उघडून ठेवला. तिने व्हिसाच्या चिकटपट्टीवरील तारीख बोटाने दोनदा वाचली, आपल्या वहीत एका कोऱ्या पानावर सर्वांत वर सासूबाईंचे आडनाव लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. मग म्हणाली, बस मिळाली तर पहिली नावे तुमची. त्या वहीत पुढे गरोदर बाई, कमी औषधे उरलेला एक दम्याचा रुग्ण आणि एकटीने तीन मुले घेऊन आलेली एक आई अशी नावे त्याच क्रमाने आली, आणि ज्याने मोठ्याने आरडाओरडा केला त्याचे नाव यादीत वर गेले नाही, हे मी स्वतः पाहिले. त्याच दुपारी ती सासूबाईंना गावातील दवाखान्यात घेऊन गेली, कारण फ्रान्समध्ये या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. सासूबाईंना इंग्रजी थोडे येते आणि फ्रेंच डॉक्टरांना त्याहून थोडे. त्यामुळे मी मराठीतून इंग्रजीत आणि तिने इंग्रजीतून फ्रेंचमध्ये सांगत सांगत औषधांची मूळ नावे जुळवली. आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या. हे काम तिच्या नोकरीत बसत होते की नाही मला ठाऊक नाही. तिने ते केले.

येथे एक माहिती मुद्दाम देते, कारण ती तेव्हा आमच्यापैकी कोणालाच नव्हती. शेंगेन व्हिसाची नवी संहिता त्याच महिन्यात, ५ एप्रिल २०१० पासून लागू झाली होती आणि तिच्या ३३व्या कलमानुसार माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने मुदतीत परत जाता आले नाही तर व्हिसाची मुदत विनाशुल्क वाढवून मिळते. म्हणजे २० तारीख उलटली असती तरी सासूबाई गुन्हेगार ठरल्या नसत्या. मात्र मुदत संपण्यापूर्वी तिथल्या सरकारी कार्यालयात जाऊन अर्ज करावा लागला असता. त्या दोन रात्री सासूबाई झोपल्या नाहीत. "परदेशात पासपोर्टावर वाईट शिक्का नको गं," एवढेच त्या म्हणत राहिल्या. हे कलम कंपनीच्या कार्यालयाला माहीत असायला हवे होते, कारण तिच्या ग्राहकांत भारतीय पासपोर्टवाले आम्हीच पहिले नसणार.

जादा दिवसांत राहण्याचे आणि जेवणाचे पैसे कंपनीने मागितले नाहीत. जेवण साधे झाले होते, कारण नवा किराणा सोमवारपर्यंत येणार नव्हता: बटाट्याचे सूप, पाव, चीज, अंडी. स्वयंपाक करणाऱ्या मुलाने शनिवारी संध्याकाळी सासूबाईंना स्वयंपाकघर मोकळे करून दिले आणि त्यांनी बरोबर आणलेल्या बेसनाचे पिठले चौदा माणसांना पुरवले. स्कीची साधने भाड्याने देणाऱ्या दुकानानेही एका दिवसाचे भाडे सोडले.

रविवारी दुपारी चार वाजता बस ठरल्याचा निरोप आला. एरवी शनिवारी जिनिव्हाच्या फेऱ्या करणाऱ्या एका स्थानिक बसवाल्याच्या गाड्या उभ्याच होत्या. अडचण चालकांची होती. युरोपात एका चालकाला सलग साडेचार तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही, नंतर पाऊण तास थांबावे लागते, आणि दिवसभराची मर्यादा साधारण नऊ तासांची असते. मेरिबेल ते कॅले, म्हणजे इंग्लंडच्या बोटी जिथून सुटतात ते फ्रान्सचे बंदर, हे अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दोन चालकांशिवाय ही फेरी कायद्याने होऊच शकत नाही. त्या दिवशी सगळ्या आल्प्समध्ये बसला नव्हे, दुसऱ्या चालकाला मागणी होती. कंपनीने तो मिळवला आणि त्याचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत.

संध्याकाळी सात वाजता आम्ही निघालो. एकोणपन्नास आसने, एकही रिकामे नाही, स्कीच्या लांब पिशव्या पोटातल्या कप्प्यात मावल्या नाहीत म्हणून मागच्या दोन रांगांमध्ये पायांखाली आडव्या. मूतिए, आल्बेरव्हिल, शांबेरी, लियाँ. तिथून उत्तरेकडे बोन आणि लाँग्रकडून त्र्वा, आणि त्र्वापासून थेट कॅलेपर्यंत जाणारा ए-२६ महामार्ग. बसमधले शौचालय कुलूपबंद होते आणि सासूबाईंच्या वयाच्या माणसाला हे फार त्रासाचे आहे. दर थांब्यावर महामार्गावरील स्वच्छतागृहापुढे दहा-बारा बसच्या माणसांची रांग असे. पहाटे तीन वाजता रीम्सच्या अलीकडे एका थांब्यावर कॉफीच्या यंत्रातील पेले संपले होते आणि लोक आपापल्या पाण्याच्या बाटल्या कापून त्यात कॉफी घेत होते. प्रवासात खाण्यासाठी कंपनीने दिलेल्या कागदी पिशवीत एक सफरचंद, एक सँडविच आणि एक बिस्किटाचा पुडा होता. चौदा तासांसाठी हे अपुरे आहे, आणि लहान मुले असलेल्यांना ते आधी सांगायला हवे होते.

कॅलेला सकाळी नऊ वाजता पोहोचलो, आणि पॅकेज घेण्याचा खरा फायदा मला बंदरात कळला. फेरी बोटीवर वाहनाने जाणाऱ्यांची आणि पायी जाणाऱ्यांची जागा वेगवेगळी मोजली जाते. पायी जाणाऱ्यांना गाडीच्या तळावरून बोटीपर्यंत नेण्याची सोय मर्यादित असते, म्हणून ती तिकिटे आदल्या दिवसापासूनच मिळेनाशी झाली होती, आणि सायकलस्वाराचे तिकीट निराळे असते म्हणून काही जण कॅलेत जुन्या सायकली विकत घेत होते. आमची बस मात्र आगाऊ आरक्षण असलेले एक वाहन होते, आणि त्यातले आम्ही एकोणपन्नास जण त्या वाहनाचा भाग. आम्ही तीन तास रांगेत थांबलो. तिकिटाच्या इमारतीबाहेर उभी असलेली माणसे किती वेळ थांबली असतील याची कल्पना करवत नाही. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी कॅलेतच होते. फ्रेंच अधिकाऱ्याने सासूबाईंच्या पासपोर्टावर १९ एप्रिलचा निर्गमनाचा शिक्का मारला, तेव्हा त्यांनी तो पासपोर्ट पुन्हा पर्समध्ये न ठेवता इंग्लंडच्या डोव्हर बंदरापर्यंत हातातच धरला होता.

बोटीला दीड तास लागतो. डोव्हरहून कंपनीची दुसरी बस आम्हाला घरी नव्हे, गॅटविकला घेऊन गेली, आणि हा तिचा सगळ्यात विचारपूर्वक निर्णय होता, कारण बहुतेकांच्या मोटारी तिथेच वाहनतळावर उभ्या होत्या. रात्री साडेनऊला आम्ही हॅरोत पोहोचलो. ब्रिटनचे आकाश उघडले ते दुसऱ्या दिवशी रात्री. तेव्हा पहिल्यांदाच राखेच्या प्रमाणाची एक मर्यादा ठरवण्यात आली, आणि तिच्याखाली उडण्याची परवानगी मिळाली. आमचे मित्र गुरुवारी, २२ तारखेला घरी आले. त्यांच्या विमान कंपनीने हॉटेलचे पैसे द्यायला आधी नकार दिला, मग तिकिटाच्या रकमेइतकेच देऊ म्हटले, आणि सहा महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर बरेचसे दिले.

ते पैसे देणे ही मेहेरबानी नव्हती. युरोपचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम असा आहे की विमान रद्द झाले तर, कारण काहीही असो, पर्यायी उड्डाण मिळेपर्यंत प्रवाशाच्या राहण्याजेवण्याची सोय विमान कंपनीने करायची. असाधारण कारण असेल तर रोख भरपाई मिळत नाही, पण ही सोय टळत नाही. या राखेच्याच एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी तसा स्पष्ट निकाल दिला. उलट २०१८ पासून लागू असलेल्या पॅकेजच्या नियमांत, अशा टाळता न येणाऱ्या कारणाने परतणे लांबले तर आयोजकावर माणशी तीन रात्रींपर्यंतच्या निवासाचा खर्च बंधनकारक आहे, आणि गरोदर स्त्रिया, हालचालींवर मर्यादा असलेली माणसे व एकटी मुले यांना ही तीन रात्रींची मर्यादा लागत नाही. कागदावर पाहिले तर दोन्हीकडे संरक्षण आहे. पण कागद नंतर पैसे परत मिळवून देतो; रविवारी दुपारी दुसरा चालक शोधून देत नाही. मी जास्त मोजलेले चारशे पौंड त्या चालकाचे आणि त्या वहीतल्या यादीचे होते असे मी समजते, आणि ते मला महाग वाटत नाहीत.

विम्याचा उल्लेख करायलाच हवा. आमच्या प्रवास विम्यात खराब हवामान होते, ज्वालामुखी नव्हता, आणि राख हे हवामान नव्हे असे उत्तर आम्हाला मिळाले. तेव्हापासून मी पॉलिसी घेताना राख आणि आकाशबंदी यांचा उल्लेख शब्दशः शोधते. सासूबाई किंवा आई-वडील बरोबर असतील तर व्हिसा परतीच्या तारखेनंतर निदान दहा दिवस शिल्लक राहील असाच मागावा आणि औषधांचा डबा अख्खा न्यावा. आम्ही केलेली ही चूक पूर्णपणे आमची होती. कंपनी निवडताना मी आता एकच प्रश्न विचारते: गावात तुमचे माणूस कायम राहते का, की फक्त फोन नंबर आहे? ज्यांच्याकडे माणूस नाही त्यांच्याकडे मी जात नाही, मग शॅले कितीही सुंदर असो.

फेब्रुवारी २०११ साठी आम्ही त्याच कंपनीकडे पैसे भरले. लंडनच्या कार्यालयाविषयीची माझी तक्रार त्यांनी लेखी मान्य केली होती आणि अडचणीच्या वेळेसाठी वेगळा फोन नंबर सुरू केल्याचे कळवले होते. सासूबाई तोवर सांगलीला परतल्या होत्या. त्यांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी बर्फाची चौकशी केली नाही. ती वहीवाली मुलगी यंदाही तिथेच आहे का, असे विचारले. कंपनीला विचारून कळवते, असे मी त्यांना सांगितले.